मीटरकाकांचं नाक

आमच्या ह्यांना प्लांटवर कुणी नावाने हाक मारत नाही. मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळे मीटरकाका म्हणतात. कारण ह्यांचं नाक. गॅस मोजायचा खरा मीटर होता एकेकाळी तिथे, साबणाच्या वडीएवढा. तीन वर्षांपूर्वी तो पाण्यात पडला आणि मुका झाला. तेव्हापासून कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे, वर चिठ्ठी चिकटवलेली, ‘दुरुस्तीस पाठवणे’. आता ती चिठ्ठीसुद्धा पिवळी पडली. पण कुणाचं काही अडलं नाही, कारण आमचे हे होते ना!

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मध्येच कुणावर घसरले तर मनावर घेऊ नका. ह्यांच्यावर तर घसरणारच.

प्लांट गावाच्या टोकाला आहे, रस्ता संपतो आणि खारफुटी सुरू होते तिथे. चार टाक्या, एक पंपघर, आणि एक खोली. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नमुन्याच्या बाटल्यांची फळी. गावाचं सगळं सांडपाणी आधी पंपघरामागच्या खोल विहिरीत उतरतं. तिथून पंप ते टाक्यांत चढवतो, टाक्यांत खालून हवा सोडतात, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेलं पाणी खाडीत जातं. त्याच खाडीत ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून शिंपले वेचतात, आणि खारफुटीच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात. टाक्या बिघडल्या की पहिला मार त्या पिल्लांना बसतो.

टाकीच्या काठावर उभं राहून हे एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, “बरी आहे,” किंवा “हवा वाढवा.” टाकी बरी असली की नुकत्याच खणलेल्या वाफ्यासारखा वास येतो म्हणे. प्रयोगशाळेचा कागद तिसऱ्या दिवशी यायचा आणि ह्यांचंच म्हणणं खरं ठरवायचा. शिकलेसवरलेले साहेब आले, बदलून गेले, पण प्रत्येकाने ह्यांनाच विचारलं. सातवी शिकलेला माणूस! त्याला काय वाटत असेल, सांगा. कॉलर ताठ करून घरी यायचे.

टाक्यांचं एक वेळ ठीक. खरी भीती त्या विहिरीची. विहिरीत अर्ध्यावर एक लोखंडी कठडा आहे आणि त्याच्यापुढे जाळी. जाळीत चिंध्या, पिशव्या, काय काय अडकतं. ती तुंबली की कुणीतरी शिडीने कठड्यावर उतरून आकड्याने ओढून काढायचं. आणि त्या विहिरीत कधी कधी गॅस साठतो. उधाणाच्या दिवसांत जास्तच, कारण जुन्या पाइपांतून समुद्राचं पाणी आत येतं आणि तुंबलेलं पाणी सडतं. तो गॅस माणसाला आरडाओरडा करायलासुद्धा वेळ देत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, हा खाली बसला का.

त्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे पोरंसोरंही सांगतील. पण आमच्याकडे गंमत अशी, की ओहोटीला खाडीच्या चिखलालाही तसाच वास सुटतो. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही की आत्ता येतोय तो चिखलाचा की विहिरीचा. ह्यांना कळायचं. झाकण वीतभर सरकवायचे, वाऱ्याकडे पाठ करून दहा पावलं लांब उभे राहायचे, आणि एकेक पाऊल पुढे. काय असेल ते पहिल्याच श्वासात, असं म्हणायचे. दुसऱ्यांदा वाकलात तर तो गॅस आधी तुमचं नाकच मारतो, मग वास येत नाही आणि तुम्हाला वाटतं, गेला. हे “जा” म्हणाले की माणूस उतरायचा. “नको” म्हणाले की साहेब स्वतः आला तरी कुणी उतरायचं नाही.

आणि उतरायचा कोण? माझा धाकटा भाऊ. तिथे फिटर आहे. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी सतरा. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय. ह्यांनीच त्याला तिथे चिकटवला. मी तेव्हा नको म्हटलं होतं. पण माझं ऐकतंय कोण!

गेल्या वर्षी ह्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होते. उठले, अंगात त्राण आलं, कामावर जायला लागले. मी म्हटलं, सुटलो. मग एका सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि शेजारणीशी बोलायला बाहेर गेले. बोलण्याच्या नादात विसरले, माझंच चुकलं. परत आले तर घरभर धूर आणि पातेल्याचा कोळसा. आणि हे शेगडीपासून चार हातांवर, पाठमोरे, पेपर वाचत बसलेले!

“अहो, काय डोळे मिटून बसलात काय? घर पेटलं असतं ना!”

ते दचकले. मागे वळून पातेल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एरवी हा माणूस जिन्यावरूनच ओरडायचा, “अगं, दूध लागलं!” लागायच्या आधीच ओरडायचा खरं तर. दुपारी ते आडवे झाले तेव्हा फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. डोळे मिटूनच ते म्हणाले, “काय गं, जवळ येऊन का उभी आहेस?”

मी बाटली खाली ठेवली आणि रडायलाच लागले.

मग सगळं बाहेर आलं. तापानंतर वास गेला होता, पार गेला. डॉक्टर म्हणाला होता, येईल किंवा नाही येणार. दोन महिने ह्यांनी मला पत्ता लागू दिला नव्हता. “कुणाला सांगायचं नाही,” म्हणाले. माझा हात धरून म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ह्या माणसाने माझ्यापुढे असा हात कधी पसरला नव्हता. “निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कळलं तर मला फाटकावर बसवतील. माझ्याकडे दुसरं आहे काय, सांग?”

“आणि विहीर? तिथे माझा भाऊ उतरतो!”

“त्याची सोय केली आहे मी. तुझ्या भावाच्या केसालाही धक्का लागणार नाही. शपथ.”

मला वाटलं, मीटर दुरुस्त करून आणला असेल. काय सोय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून नाही विचारलं. मी वचन दिलं आणि गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही. प्लांटच्या बाजूने गाडीचा भोंगा वाजला तरी हातातलं भांडं निसटायचं.

असे तीन महिने गेले. मग तो उधाणाचा दिवस आला.

अकराच्या सुमाराला भाऊ स्कूटर घेऊन दारात. घामाघूम झालेला. “ताई, भाऊजींचा डबा दे पटकन. ते येत नाहीत जेवायला, जाळी तुंबली आहे. दुसरा पंप दुरुस्तीला उघडून ठेवलाय, आणि वरून भरती. विहिरीतलं पाणी कठड्याखालच्या लाल खुणेला लागलं की सगळा मैला सरळ खाडीत. साहेब फोनवर फोन करतोय, एक थेंब जाता कामा नये म्हणून. त्याचं काय जातंय सांगायला!”

मी डबा भरत होते. हात चालत होते, पण कान त्याच्याकडे. “मग उतरणार कोण?”

“मीच, आणखी कोण? पण ताई, भाऊजींसारखा माणूस नाही बघ. हल्ली मला आधी उतरूच देत नाहीत. आधी स्वतः उतरतात, कमरेला दोर बांधून. कठड्यावर उभे राहून शंभरपर्यंत मोजतात. वर येतात आणि मग मला म्हणतात, जा. या वयात! वर दोर धरतो तो प्लांटवरचा माळी तर त्यांच्या पाया पडायचा बाकी आहे.”

डब्याचं झाकण माझ्या हातातच राहिलं. ही सोय होती तर. ह्यांचं नाक गेलं, म्हणून हा माणूस अख्खा स्वतःच मीटर झाला होता. जिवंत वर आला, तर विहीर बरी. भावाला ते मोठं मन वाटत होतं.

“किती वेळा उतरलेत असे?”

“पाच-सहा वेळा झालं असेल. का गं?”

“चल,” मी म्हटलं. “मी येते.”

डबा ओट्यावरच राहिला. चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही. स्कूटरवर मागे बसून मी त्याला सारखी म्हणत होते, जोरात हाण, जोरात हाण. तो हसत होता. “ताई, भाऊजींना एक दिवस भूक लागली तर इतकं काय!” मला सांगता येत नव्हतं. वचन दिलं होतं ना! आणि मनात एक घाणेरडा विचारही होता, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, हे आजही वर येतील. पाच-सहा वेळा आलेच ना! कशाला सगळ्यांसमोर त्यांची फजिती करायची?

प्लांटवर पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. खारफुटीचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते. एरवी तिथे बगळे असतात, त्या दिवशी एकही नव्हता, की मलाच दिसला नाही, कोण जाणे. पंपघरामागे विहिरीचं झाकण सताड उघडं. माळी दोराचं टोक हाताला गुंडाळून उभा. आणि आमचे हे कमरेला गाठ मारून शिडीच्या पहिल्या पायरीवर.

“अहो,” मी म्हटलं. “जरा वर या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. एका नजरेत कळलं. “तू इथे कशाला आलीस? घरी जा.”

“मीटर मागवा शेजारच्या गावातून. त्यांच्या प्लांटवर आहे.”

“दोन तास लागतील. लाल खुणेला वीतभर पाणी राहिलंय. ही पिल्लांची वेळ आहे, सगळी मुळांत आहेत. एकदा मैला गेला की मोसम संपला.” आवाज असा शांत, जसं मला बाजारहाट समजावून सांगतायत. मग माळ्याला म्हणाले, “सोड दोर.”

दुसरी पायरी. तिसरी. ह्यांचे खांदे झाकणाच्या खाली गेले. मला विहिरीचा वास येत होता. माझ्यासारखीला! अंड्यांचा, सडका, नाकातून घशात उतरणारा. तो चिखलाचा नव्हता, भरतीला चिखल असतो कुठे वर? सगळा तर पाण्याखाली! एवढी साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली.

चौथी पायरी. आणि मग अचानक वास थांबला. येतच नव्हता. मी पुन्हा श्वास घेतला. काही नाही. स्वच्छ. आणि ह्यांचंच म्हणणं मला आठवलं, की तो आधी नाकच मारतो.

“ह्यांना वास येत नाही!” मी किंचाळले. “तापानंतर ह्यांचं नाक गेलंय! पाच महिने झाले! काही कळत नाही ह्यांना, काही म्हणजे काही नाही!”

भाऊ आधी हसला. खरंच हसला. “काहीतरीच काय, ताई!” मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. विहिरीच्या काठाशी जाऊन त्याने हाक मारली, “भाऊजी? ताई काय म्हणते?”

मला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, विरळ केसांचं, आणि शिडीला धरलेले हात. त्यांनी वर पाहिलं नाही. पण खालीही उतरले नाहीत. कुणाला वाटेल एक मिनिट गेलं असेल, पण दोन-तीन श्वासच असतील. मग माळ्याने, कुणी न सांगता, दोर ओढायला सुरुवात केली. भावाने पुढे होऊन काखेत हात घातले. दोघांनी मिळून त्यांना पोत्यासारखं वर घेतलं आणि टाकीच्या बाजूला वाऱ्यावर बसवलं. ते खोकत होते. डोळे लाल झाले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

कुणी उतरलं नाही. पावणेबाराला पाणी लाल खुणेला लागलं आणि बाजूच्या नळातून काळा लोट खाडीत सुटला. आम्ही चौघं बघत उभे होतो. हे म्हणाले, “झालं तुझ्या मनासारखं?” बस, इतकंच.

दोन वाजता शेजारच्या गावाची जीप मीटर घेऊन आली. मागोमाग साहेबही आला, फोन हातातच. भावाने मीटरला दोरी बांधून तो विहिरीत सोडला. चौथ्या पायरीपाशी तो ओरडायला लागला. कठड्यापर्यंत पोचला तेव्हा तर थांबेचना, कर्कश, एकसारखा. साहेब दोन पावलं मागे सरला. माळी मटकन खाली बसला. मी भावाकडे पाहिलं, त्याचे ओठ पांढरे पडले होते. हे खुर्चीवर बसून ऐकत होते. मीटर वर काढून बंद केला तेव्हा कुठे त्यांनी मान खाली घातली.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. दुसऱ्या दिवशी खाडीच्या काठाला मेलेल्या पिल्लांचा पांढरा पट्टा लागला. शिंपलेवाल्या बायकांना पंधरा दिवस उतरायला मनाई झाली. त्यातली एक मला बाजारात म्हणाली, “तुमच्या घरच्या भानगडीत आमचं पोट मारलंत.” मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, मान खाली घालून पुढे गेले. ह्यांना फाटकावर बसवलं, लाकडी स्टुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. अजूनही कुणी मीटरकाका म्हणालं की ऐकू न आल्यासारखं करतात. माझ्याशी बारा दिवस बोलले नाहीत. जेवायचे, ताट घासून ठेवायचे, झोपायचे.

चारचौघांत नवऱ्याचं नाक कापणारी बाई, असं माझी नणंदच म्हणाली. म्हणू दे. भाऊ जिवंत आहे, हे जिवंत आहेत. मी मनाशी तेच घोकत होते. रोज सकाळी भाऊ कामाला जाताना दारावरून जायचा तेव्हा त्याला डोळे भरून बघायची.

तेराव्या दिवशी दुपारी मी पीठ मळत होते. हे मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, “पाणी हवंय का?”

“तू आलीस त्याच्या आधीच्या वेळेला,” ते म्हणाले. आवाज खरखरीत, बारा दिवसांत न वापरलेला. “अमावास्येचं उधाण होतं तेव्हा. मी खाली उभा होतो. साठपर्यंत मोजलं आणि मला गरगरलं. पाय गेले. कठडा धरून उभा राहिलो. मग जरा बरं वाटलं.”

माझे हात पिठातच थांबले. मागे वळायची हिंमत होईना.

“शंभर मोजून झालं नव्हतं. मी वर आलो. तुझा भाऊ टोपी घालून तयारच होता, माझ्याकडे बघत. नको म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, काय वास आला? काय सांगितलं असतं मी? मी म्हटलं, जा.”

“आणि?”

“गेला. जाळी साफ करून आला. डोकं दुखतंय म्हणाला, नंतर म्हणाला राहिलं. मी वर उभा होतो, दोर हातात धरून. तो वर येईपर्यंत काय काय मनात आलं, ते तुला सांगत नाही.”

मी हात धुतले. खुर्ची ओढून बसले. बारा दिवस मी माझ्या नवऱ्याच्या रागाला घाबरत होते, आणि तो राग नव्हताच. हा माणूस हे सांगायला घाबरत होता. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. मी यातलं काहीच केलं नाही. ते तिथेच उभे राहिले, मी काय म्हणते याची वाट बघत, आणि मी उठून पीठ झाकून ठेवलं.

संध्याकाळी भाऊ आला. त्याच्या दोन्ही पोरी बरोबर होत्या, त्या सरळ ह्यांच्या मांडीवर चढून बसल्या. नवा मीटर आलाय, सांगत होता, साहेब आता स्वतः सही करून विहिरीचं झाकण उघडू देतो. मग मला आत स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाला, “ताई, भाऊजींवर रागावू नकोस. माणसाने स्वतःचा जीव आधी घातला ना, माझा नाही घातला. असा माणूस मला बापाच्या जागी आहे.”

मी त्याच्या हातात चहाचा कप दिला. “निवतोय,” म्हटलं, “घे.”